सागाची चौकट, लोखंडी ग्रिल आणि भोकाचं माप

बी-४०२ देशपांडे: मच्छरजाळीच्या दाराला बिजागऱ्या लावायच्यात. चौकट जुनी, सागाची. स्क्रू आठ नंबर, ३८ मिमी. ड्रिल मशीनने थेट पिळले तर चालतील ना? ग्रिललाही क्लिपा मारायच्यात, त्यासाठी आठ नंबरचेच सेल्फ टॅपिंग (पत्र्यात स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रू) आणलेत.

ए-१०१ सावंत काका: थेट अजिबात नको, आधी ड्रिलने भोक पाडा. जुना साग वाळून दगड झालेला असतो. स्क्रू अर्ध्यात अडकतो आणि डोक्याची चौफुली झिजते, नाहीतर मानच तुटते. तुकडा आत राहिला की बिजागरी वर-खाली सरकवण्याशिवाय इलाज नाही. चौकटीच्या कडेजवळ मारलात तर रेषेरेषेने लाकूड फाटेल ते वेगळंच.

आठ नंबर म्हणजे आट्यांसकट ४.२ मिमी. आतला दांडा ३ च्या आसपास. भोक दांड्याएवढं करायचं, आट्यांना चावायला लाकूड उरलं पाहिजे. सागाला ३ मिमी, पाइनला २.५.

सी-२०३ जोशी: माप आठवत नसेल तर बिट (ड्रिलला लावायची भोक पाडणारी सळी) स्क्रूच्या पुढे धरून उजेडात बघा. दांडा बिटामागे लपला पाहिजे, आटे दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजेत.

बी-४०२ देशपांडे: खोल किती जायचं?

ए-१०१ सावंत काका: बिजागरीचं पान २ मिमी, म्हणजे लाकडात ३६ जाणार. भोक ३८ करा. बिटाच्या टोकापासून ३८ वर चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी लाकडाला टेकली की थांबा. मध्ये दोनदा बिट बाहेर काढून भुसा झटका, नाहीतर आतच दाबला जातो, बिट तापतो आणि भोक काळं पडतं. पिळण्याआधी स्क्रूला मेणबत्ती घासा.

सी-२०३ जोशी: स्क्रू पितळी असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी आत घालून बाहेर काढा. आटे त्याने कापू देत. पितळ सागात फार लवकर तुटतं.

डी-६०१ चेअरमन: दुपारी १ ते ४ ड्रिल बंद. 🙏

बी-४०२ देशपांडे: हो साहेब. ग्रिललाही ३ चाच बिट चालेल?

ए-७०४ इनामदार: नाही. लाकूड थोडं दबून जागा देतं, लोखंड देत नाही. तिथे पाव मिमीचा फरकही नडतो. आपल्या ग्रिलचा चौकोनी पाइप १.२ मिमी जाड आहे, त्याला ३.३ घ्या. ३ केलंत तर स्क्रू अडकून मान तुटेल. ३.७-३.८ झालं तर फिरतच राहील. या स्क्रूच्या दोन आट्यांतलं अंतर १.४ मिमी, म्हणजे १.२ च्या पत्र्यात एक पूर्ण आटाही बसत नाही. जी काही पकड आहे ती तेवढ्यातच. ३ मिमीची लोखंडी पट्टी असेल तर मात्र ३.५ करा, तिथे आटे जास्त पकडतात आणि पिळायला जोर लागतो.

आधी सेंटर पंचने (टोकदार पोलादी खिळ्याने) खूण ठोका, नाहीतर बिट रंगावरून घसरत जाईल. मशीनवर हातोडीचं चिन्ह (ठोके देत फिरणं) असेल तर ते बंद. भिंतीचा बिट लोखंडाला चालत नाही, एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) घ्या. तेलाचे दोन थेंब टाका. बिट आरपार जायच्या क्षणी अडकून झटका देतो, तेव्हा दाब कमी करा. सुटी पट्टी हातात धरून कधीच नाही, ती बिटाबरोबर गरकन फिरते. आणि चष्मा घाला.

सी-५०२ शेख: आमची रेलिंग स्टेनलेसची आहे. बिट नुसता लाल होतो, भोक पडत नाही.

ए-७०४ इनामदार: वेग जास्त, दाब कमी, असं होतंय. बिट घासत राहिला की स्टेनलेसचा पृष्ठभाग आणखी कडक होतो. कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाचा बिट, वेग निम्म्याहून कमी, तेल, आणि किसाची सलग तार निघेल इतका दाब. तार थांबली की बिट उचला, नुसता फिरवत ठेवू नका.

सी-५०२ शेख: मला १० मिमीचं भोक हवंय.

ए-७०४ इनामदार: आधी ३ किंवा ४ ने आरपार. मोठ्या बिटाचं मधलं टोक कापत नाही, नुसतं रगडतं. त्याला मोकळी जागा दिली की कडा सहज कापतात. बोल्टसाठी भोकात आटे पाडायचे असतील तर हिशेब सोपा आहे, बोल्टच्या मापातून आट्यांतलं अंतर वजा करा: एम४ (४ मिमी जाड बोल्ट) ला ३.३, एम५ ला ४.२, एम६ ला ५.

बी-४०२ देशपांडे: चौकटीत जुन्या बिजागरीची भोकं निघाली, त्यांतले आटे गेलेत. स्क्रू नुसता आत-बाहेर होतोय.

ए-१०१ सावंत काका: गुल काढलेल्या आगकाड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून घट्ट बसतील तेवढ्या ठोका. उद्यापर्यंत हात लावू नका. वाळल्यावर सपाट कापा आणि बरोबर मध्यावर २.५ चं भोक पाडा. इथे ३ नको, काड्यांचं लाकूड मऊ असतं.