मदत हवी आहे: जुन्या कार्टून शैलीतलं हाताने काढलेलं फॅनचित्र, किंमत किती सांगू?

रेघोट्या:
चित्र काळ्या-पांढऱ्या कार्टूनच्या जमान्यातल्या शैलीचं आहे. नळीसारखे हातपाय, बुबुळात फोड कापल्यासारखी खाच. उंदीरमामा जहाजाचं चाक फिरवतोय. कोपऱ्यात १९३४ लिहिलंय. घेणाऱ्याला उद्या आकडा सांगायचाय. फोटो चढत नाहीये. प्लीज लवकर!

शाईबहाद्दर:
हवेत कसा सांगणार आकडा? माप किती? सही आहे का? खालच्या कडेला भोकं आहेत का, मधलं गोल आणि बाजूची दोन लांबट? तो ॲनिमेशनचा कागद असतो.

रेघोट्या:
स्टुडिओचं कुठे म्हटलं मी? शीर्षकात फॅनचित्र लिहिलंय की. भोकं नाहीत. सही आहे, वाचता येत नाही. कागद पिवळा पडलाय, म्हणजे जुनंच.

भिंगवाला:
पिवळ्यावर जाऊ नका, चहाच्या पाण्यात बुडवूनही कागद पिवळा होतो. भिंग लावा. छापील असेल तर ठिपके दिसतील. हाताची शाई असेल तर रेघ वळणावर जाड होते, खाली पेन्सिलच्या खुणा सापडतात. मग अंधारात यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर चमकला तर बहुतेक १९५० नंतरचा, शुभ्रपणासाठी घालतात ती रसायनं तेव्हापासून रुळली.

शाईबहाद्दर:
झालं, दर धाग्यावर टॉर्च! न चमकणारे कागद आजही मिळतात. टॉर्चने 'जुना नाही' कळेल, 'जुना आहे' कसं कळणार?

भिंगवाला:
तेवढं कळलं तरी पुष्कळ. तुम्ही तर नुसतं माप विचारताय.

कागदी वाघ:
डाग काढायला ब्लीच अजिबात लावू नका. लॅमिनेशन तर नकोच.

शाईबहाद्दर:
डाग काढायचेत असं कोण म्हणालं?

टवाळ:
मिकी माऊसची कार्टून फिल्म 'स्टीमबोट विली' १९२८ची, अमेरिकेतला कॉपीराइट १ जानेवारी २०२४ला संपला. विकता काय, टी-शर्ट छापा राव!

पेन्सिलवाली:
संपला तो त्या जुन्या रूपापुरता. ट्रेडमार्क वेगळा, शिवाय हे चित्र ज्याने काढलं त्याचा हक्क वेगळा. रेघोट्या, उंदराला हातमोजे आहेत का? 'विली'त नाहीत, ते १९२९मध्ये आले.

रेघोट्या:
आहेत, पांढरे. भिंगाने बघितलं, ठिपके नाहीत. राखाडी छटा पट्ट्यापट्ट्यांची आहे, पट्टे एकमेकांवर आलेत तिथे गडद. मागच्या बाजूलाही उमटलीय.

भिंगवाला:
हा मार्कर! पट्टे आणि मागे झिरपणं, दोन्ही त्याचेच. १९३४ साली असे मार्कर कुठले?

पेन्सिलवाली:
मग साल चित्रातल्या काळाचं असेल, किंवा छटा कोणीतरी नंतर भरली. हातमोजे घालून 'विली'तलं चाक फिरवणं ही फॅनची हौस, त्यात गैर काही नाही. पण अशा चित्राची किंमत काढणाऱ्याच्या नावावर आणि हातावर ठरते, उंदरावर नाही. सही कोणाची ते शोधा आधी. त्याच हाताची चित्रं किती मागितली ते नको, प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा. नाव नाहीच लागलं तर सजावटीचं चित्र म्हणून जे येईल ते. आणि लेखी देताना 'फॅनचित्र, साल अनिश्चित' असंच द्या.

टवाळ:
टी-शर्टचं राहिलंच.

रेघोट्या:
घेणाऱ्याला 'साल अनिश्चित' कळवलं. तो म्हणतो, मग मागच्या बाजूचा फोटो पाठवा.