काजव्यांचे फोटो स्टॅक करताना हॉट पिक्सेल: मदत हवी आहे

पुरुषवाडीला काजव्यांचे फोटो काढलेत. एपीएस-सी बॉडी, ३५ एमएम लेन्स, एफ/१.८, आयएसओ १६००, ३० सेकंद, सगळं रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइल्स). ट्रायपॉड हललेला नाही. फोटोशॉपमध्ये फ्रेम्स 'लाइटन' मोडने (दर जागी सगळ्यात उजळ पिक्सेल राहतो) एकावर एक चढवल्या, म्हणजे स्टॅक केल्या, की काजवे सुरेख दिसतात, पण सोबत लाल-निळे ठिपकेही येतात. दर फ्रेममध्ये त्याच जागी, म्हणजे हॉट पिक्सेलच (लांब एक्स्पोजरमध्ये प्रकाश नसतानाही चमकणारे सेन्सरचे बिंदू).

असे ठिपके काढणारं कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन मुद्दाम बंद ठेवलं होतं. ते चालू असलं की प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकतो आणि झाडावरून सरकणारी चमक नेमकी त्यात निसटते. फोटोशॉपचं ठिपके पुसणारं 'डस्ट अँड स्क्रॅचेस' फिल्टर लावलं तर लांबचे बारीक काजवेही पुसले जातात, आणि फोटोची खरी खोली त्यांच्यातच आहे. त्याच रात्री, त्याच सेटिंगवर, लेन्सला झाकण लावून डार्क फ्रेम्स घेतल्यात. पण रॉ फाइल्स टिफमध्ये बदलून त्या डार्क फ्रेम्स फोटोंतून वजा केल्यावर ठिपक्यांच्या जागी काळी भोकं उरतात.

टॉर्च किंवा फ्लॅश कृपया सुचवू नका, काजव्यांना त्रास होतो. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, सॉफ्टवेअर फुकट असेल तर उत्तम.

रॉथेरपी या रॉ फाइल्सच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये थेट रॉ फाइलमधून डार्क फ्रेम वजा करून कुणी काजवे स्टॅक केलेत का? एकच डार्क फ्रेम पुरते की अनेकांची सरासरी लागते, आणि लांबचे काजवे शाबूत राहतात का?