पेसमेकर असलेल्या, विस्मरण होणाऱ्या आईला विमानतळावरच्या तपासणीतून कसे न्यावे?

नौपाड्याची लेक

नमस्कार. माझी आई ८२ वर्षांची आहे. तिला पेसमेकर बसवलेला आहे, उजवा गुडघा बदललेला आहे, आणि विस्मरण इतके वाढले आहे की रोज तलावपाळीला जाऊनही घरी परतायचा रस्ता ती मलाच विचारते. पुढच्या महिन्यात भावाच्या वास्तुशांतीसाठी तिला बंगळूरला न्यायचे आहे. विमानातला वेळ ती खिडकीजवळ बसून काढील. मला धास्ती आहे ती सुरक्षा तपासणीची.

गेल्या वर्षी एका विमानतळावर, 'मी काय पांगळी आहे का' या तिच्या बोलण्यापुढे मी नमले आणि व्हीलचेअर घेतली नाही. तिची काठी ट्रेमधून क्ष-किरण यंत्रात गेली आणि ती बायकांच्या रांगेत एका हाताने हवा चाचपडत उभी राहिली. पडद्याआड तपासणाऱ्या बाईंनी कमरेला हात लावताच तिने निऱ्या मुठीत आवळल्या, कारण कमरेला खोचलेल्या चंचीत तिचे पैसे आणि घराची किल्ली होती. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ थरथरत होते. त्यातच नातवासाठी घेतलेली सुक्या खोबऱ्याची वाटी पिशवीतून काढून घेतली गेली. बाकीचा प्रवास ती विसरली, वाटी मात्र विसरलेली नाही. 'माझी वाटी घेतली त्यांनी' असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि ऐकणाऱ्याला ती चांदीची वाटते.

घरी तिला अंघोळ घालायला मावशी येतात, त्यांच्याशी तिचे कधीच बिनसत नाही. मग परक्या हाताची एवढी भीती का? तिला न्यावे, की दहा दिवस घरीच कोणाच्या तरी स्वाधीन करावे?

नेरूळचा रहिवासी

ताई, व्हीलचेअरबाबत आईंचे ऐकू नका. ती तिकिटासोबतच, निदान ४८ तास आधी, विमान कंपनीला सांगून ठेवावी लागते. ऐन वेळी मागितली तर बराच वेळ ताटकळावे लागते. खुर्ची ढकलणारे कर्मचारी लिफ्टने, वेगळ्या वाटेने नेतात, तेव्हा 'मी सोबतच येणार' हे पहिल्याच क्षणी सांगा. माझे वडील एकदा माझ्याआधी पुढे निघून गेले होते आणि आम्ही दोघेही एकमेकांना शोधत होतो.

पेसमेकरचे ओळखपत्र तुमच्या हातात असू द्या, पिशवीच्या तळाशी नको. धातुशोधक चौकटीतून न थांबता पुढे गेल्यास सहसा अडचण येत नाही, पण हातातले यंत्र पेसमेकरवर धरून ठेवू नये. त्याऐवजी हाताने तपासण्याची विनंती करता येते. गुडघ्यामुळे यंत्र वाजणारच, त्यात आईंनी बिचकण्यासारखे काही नाही. औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. उलव्याचे नवे विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाले आहे आणि आम्हा नेरूळकरांना ते सोयीचे आहे; ठाण्याहून निघताना मात्र अंतरापेक्षा वाहतुकीचा हिशेब करून विमानतळ निवडा.

पडद्याआडची नोकरी

मी अनेक वर्षे बायकांच्या तपासणीवर काम करून निवृत्त झाले आहे. १९९९ च्या डिसेंबरमध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण झाले आणि त्यानंतर, २००० पासून, विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. तपासणी कडक का, हे यावरून समजते. ती अबोल का, याचे कारण वेगळे आहे. पाठीमागे रांग वाढत असते, तोंडातले शब्द कमी होत जातात आणि हात तेवढे चालत राहतात. माझ्याकडूनही तसे झालेले आहे.

आपल्या मावशी हात लावण्याआधी काय बोलतात, ते एकदा नीट ऐका. बहुधा 'आजी, आता पाठ चोळते हं' असे काहीतरी असेल. तेच वाक्य आम्हाला हवे असते. रांगेतच तपासणाऱ्या बाईंना सांगा, 'आईला विस्मरण आहे, हात लावण्याआधी सांगा, आणि मला पडद्याआड सोबत थांबू द्या.' विनंती मानणे त्यांच्यावर असते, पण आधी सांगितले तर बहुतेक जणी मानतात. आई रडायला लागल्यावर सांगितले तर सगळ्यांचाच तोल गेलेला असतो. खोबऱ्याचे म्हणाल तर त्यात तेल भरपूर असते आणि ते पेट घेऊ शकते, म्हणून बंदी आहे. या वेळी नातवासाठी चिक्की न्या.

कोपरीकर

मी थोडे विरुद्ध बोलतो. तपासणी दहा मिनिटांत संपेल, पण नव्या घरात रात्री उठल्यावर न्हाणीघर कोणत्या बाजूला आहे हे आईंना दहा रात्री सापडणार नाही. माझ्या आईला आम्ही हौसेने नेले आणि चौथ्या दिवशी ती 'मला घरी सोडा' म्हणत दाराशी चपला घालून बसली. ठेवायचे ठरवलेत, तर ब्यूरोची अनोळखी बाई निघण्याच्या दिवशी आणू नका. आठवडाभर आधीपासून मावशींच्या बरोबरीने येऊ द्या आणि पोलीस पडताळणीचा कागद पाहून घ्या. काही अडचण आल्यास ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते.

नौपाड्याची लेक

सर्वांचे आभार. आज सकाळी मुद्दाम न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिले. मावशी खरोखरच प्रत्येक तांब्याआधी बोलतात, आणि आई 'हं' म्हणाल्याशिवाय पाणी ओतत नाहीत. दोन वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. कोपरीकर, तुमचे म्हणणे पटले, म्हणून दहाऐवजी चारच दिवस जातो आहोत आणि रात्री तिच्या खोलीत मीच झोपणार आहे. व्हीलचेअर सांगितली. एकच अडले आहे: किल्ली माझ्याकडे द्यायला ती तयार नाही.

पडद्याआडची नोकरी

मागून घेऊ नका. किल्ली चंचीसकट तिच्याच हाताने ट्रेमध्ये ठेवू द्या, आणि पलीकडे ट्रे आला की सर्वांत आधी ती तिच्या हातात द्या.