मदत हवी आहे: बायोमेकॅनिक्समध्ये उत्तर बरोबर, मार्क १० पैकी ३

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, सरही इथं वाचत असतील. या सेमिस्टरला ओपन इलेक्टिव्ह म्हणून बायोमेकॅनिक्स घेतलं. घेताना फार डोकं चालवलं नव्हतं. वरच्या वर्षाच्या पोरींनी सांगितलं, "स्कोअरिंग आहे, हाडांची नावं पाठ कर, झालं." परवा मिडसेमचे पेपर हातात आले. ३० पैकी ११.

एक प्रश्न सांगते, म्हणजे अंदाज येईल. कोपर काटकोनात वाकवलंय, हाताचा पुढचा भाग जमिनीला समांतर. तळहातावर ५ किलो, कोपरापासून ३५ सेंटीमीटरवर. त्या हाताचं स्वतःचं वजन १५ न्यूटन, ते १५ सेंटीमीटरवर धरायचं. बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू) ४ सेंटीमीटरवर चिकटलेला. जी (गुरुत्व त्वरण) १० धरून बायसेप्सचं बल आणि सांध्यावरचं बल काढा. मी कोपराभोवती मोमेंट (बल गुणिले अंतर) घेतले: ५० गुणिले ०.३५ अधिक १५ गुणिले ०.१५, म्हणजे १९.७५. त्याला ०.०४ ने भागून ४९४ न्यूटन. त्यात वजनांचे ६५ मिळवून सांध्यावर ५५९ लिहिलं. बायसेप्सचं उत्तर तर बरोबर आहे ना? मग ३ मार्क? शेजारी लाल पेनानं एवढंच, "आकृती कुठे आहे?"

पुढं २० मार्कांचा प्रोजेक्ट आणि ५० ची एंडसेम आहे. विषय ३ क्रेडिटचा, पॉइंटर (ग्रेडची दहापैकी सरासरी) सध्या ७.१, आणि प्लेसमेंटच्या आधी तो ७ च्या खाली गेला तर घरी काय सांगू? सरांना नक्की काय हवंय? सरळ जाऊन विचारलं तर भांडायला आली असं वाटेल का?

खासबाग_गेट:
मी दुसऱ्या कॉलेजात हाच विषय शिकवतो, त्यामुळे थोडं सरांच्या बाजूनं बोलतो, राग मानू नकोस.

तुझं ५५९ चुकलंय आणि ते आकृती नसल्यामुळंच चुकलंय. कोपरापुढचा हात एकटा काढून बघ. बायसेप्स त्याला ४९४ नं वर ओढतोय, दोन्ही वजनं मिळून ६५ नं खाली. फक्त एवढंच असतं तर हात वर उडाला असता. तो जागेवर राहतो कारण दंडाचं हाड सांध्यात त्याला खाली दाबून धरतं. म्हणून वजाबाकी: ४२९ न्यूटन, दिशा खाली. बाण काढले असतेस तर बेरीज करायला हात धजावलाच नसता.

दुसरी गोष्ट गृहीतकांची. तू एकट्या बायसेप्सला राबवलंस. खऱ्या कोपरात त्याच्याखाली ब्रेकिॲलिस नावाचा दणकट स्नायू असतो, तोही ओढतो. ते सोडून दिलं तरच ४९४ येतं. "फक्त बायसेप्स काम करतो, ओढ सरळ वर आहे, हात स्थिर आहे" ही एक ओळ लिहिली नाहीस, तर तुला हे माहीत आहे हे तपासणाऱ्याला कसं कळणार? मी स्वतः १० पैकी ३ आकृतीला, २ गृहीतकांना, ३ समीकरणांना आणि २ उत्तराला देतो, तेही एकक आणि दिशा असेल तरच. या हिशोबानं तुला ३ म्हणजे फार अन्याय नाही.

आणि जरा थांबून आकडा बघ की. ५ किलो उचलायला स्नायू जवळपास ५० किलोची ओढ लावतोय. हा विषय इथं सुरू होतो, हाडांच्या नावांत नाही.

तांबडा_पांढरा_एक्स्ट्रा:
ताई, एवढं काय घाबरायलीस? आमच्या बॅचला पण असंच झालतं. सगळ्यात आधी विचार, ग्रेडिंग ॲब्सोल्यूट (ठरलेल्या मार्कांवर) हाय का रिलेटिव्ह (वर्गाच्या तुलनेत). रिलेटिव्ह असलं तर वर्गाचं ॲव्हरेज बघ, सगळेच ११-१२ वर असतील तर टेन्शन निम्मं. ॲब्सोल्यूट असलं तर तुझं जास्तीत जास्त ८१ होतंय, म्हणजे अजून कायबी गेलं नाही. समजा ए च्या जागी बी आला, ८ चे ६ झाले. ३ क्रेडिटला ६ गुणांचा फटका, सेमिस्टरला २१ क्रेडिट धरले तर ०.२९. ते पण ह्या सेमिस्टरच्या पॉइंटरला, एकूण पॉइंटरला त्याहून बरंच कमी. जेवून घे आधी.

गडहिंग्लजची (धागाकर्ती):
@खासबाग_गेट सर, रविवारी पूर्ण दिवस रडण्यात घालवला, तुमची वजाबाकी दोन मिनिटांत कळली. धन्यवाद.

२१ च क्रेडिट आहेत, बरोबर ओळखलंत. ग्रेडिंग ॲब्सोल्यूट आहे.

आता प्रोजेक्टचं. पैलवानाच्या बैठकीत गुडघ्याचा कोन आणि त्वरण काढायचं ठरवलं. तालमीत मला जाता येईना, म्हणून आत्तेभावाला मोबाइल देऊन पाठवलं. त्यानं मारुतीच्या मूर्तीजवळच्या कोपऱ्यातून तिरका व्हिडिओ काढलाय. अंगाला तेल, त्यामुळे सांध्याची जागा टिपायला लावलेले स्टिकर चौथ्या बैठकीला मातीत. किनोव्हियात (व्हिडिओवरून हालचाल मोजायचं सॉफ्टवेअर) टाकून कसाबसा ग्राफ काढला, तर त्वरणाचा ग्राफ करवतीसारखा आला. सर म्हणाले, "यात गुडघा कुठला आणि कचरा कुठला?"

तांबडा_पांढरा_एक्स्ट्रा:
सेकंदाला ३० फ्रेमवर घेतला असणार. स्लो मोशनला २४० वर घे, ग्राफ लोण्यासारखा येईल.

खासबाग_गेट:
नाही, उलट होईल. त्वरण काढताना जागेच्या आकड्यांचा दोनदा फरक घेतो आणि दोन फ्रेममधल्या वेळाच्या वर्गानं भागतो. ३० फ्रेमला एकाच फ्रेममध्ये स्टिकरची जागा १ मिलिमीटरनं चुकली, तर त्या क्षणी त्वरणात १.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी चूक येते. २४० ला तीच चूक ११५ च्या घरात जाते! म्हणजे गुरुत्वाच्या जवळजवळ बारापट, एका मिलिमीटरसाठी.

औषध आहे फिल्टर. जागेचा डेटा आधी लो-पास फिल्टरमधून काढ, म्हणजे जलद थरथर गाळली जाते, मगच फरक घे. चालण्याच्या अभ्यासात ६ हर्ट्झचा कट-ऑफ (सेकंदाला ६ पेक्षा जलद थरथर गाळायची) सर्रास वापरतात, बैठक संथ असते तिला तेवढा पुरेल. अहवालात फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही ग्राफ लाव. कचरा लपवलेला असला की मी मार्क कापतो, ओळखून दाखवलेला असला की देतो. तुझे सर वेगळे नसावेत. कॅमेरा गुडघ्याच्या हालचालीला काटकोनात, बऱ्यापैकी लांब, मोजपट्टी त्याच प्रतलात. तिरक्या व्हिडिओला फिल्टर काही करू शकत नाही, तो परतच घ्यावा लागेल.

हाडवैद्य_नव्हे_फिजिओ:
उशिरा आले, तोंडीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तोंडीत हमखास येणारा प्रश्न: उजवा खुबा दुखत असेल तर काठी कुठल्या हातात? आमची आजी शेवटपर्यंत दुखऱ्या बाजूलाच धरायची आणि सांगितलं की चिडायची. उत्तर आहे डाव्या. एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. त्यांचा मोमेंट आर्म (सांध्यापासूनचं अंतर) शरीराच्या वजनाच्या आर्मपेक्षा बराच लहान, म्हणून सांध्यावर वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. काठी विरुद्ध हातात असली की ती खुब्यापासून लांब पडते, थोडासाच जोर दिला तरी स्नायूंचं काम हलकं होतं. म्हणजे तुझा तो कोपराचाच प्रश्न, फक्त उभा केलेला. हे आकृती काढून सांग, सर पुढचं विचारणार नाहीत.

गडहिंग्लजची:
आज सरांकडे जाऊन आले. मार्कांबद्दल काही बोलले नाही, फक्त "एंडसेमला मार्किंग कसं असेल" विचारलं आणि नवीन आकृती दाखवली. त्यांनी ४२९ खाली रेघ मारली, "दिशा लिहिलीस, छान" म्हणाले आणि प्रोजेक्टला पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली. मिडसेमचे मार्क ११ च राहिले.

तालीम रद्द. रूममेट कबड्डी खेळते, ती बैठका मारणार आहे, तेल न लावता. दोन गोष्टी हव्यात. राजारामपुरीच्या आसपास कुणाकडे रविवारपुरता ट्रायपॉड आहे का? आणि फिजिओताई, ट्रॅकपँटवरून खुब्याचा स्टिकर नेमका कुठं लावू? कापड सरकलं की पुन्हा करवत.