टीसीएमच्या (पारंपरिक चिनी वैद्यकाच्या) डॉक्टरांना नाडीवरून मनातलं कळतं का?

गौरी_पुंगोल
आम्ही सिंगापूरला राहतो. कित्येक महिने मला घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, काही निघालं नाही. शेवटी शेजारच्या चिनी आजी त्यांच्या सिन्सेकडे, म्हणजे चिनी वैद्यबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी छोट्या उशीवर मनगट ठेवायला सांगितलं, तीन बोटं टेकवली आणि बराच वेळ गप्प. मग दुसरा हात, मग जीभ. आणि एकदम विचारलं, "राग गिळतेस ना? कोणाचा?" मला तिथेच रडू फुटलं. घरातलं मी कोणाजवळही बोललेले नाही. हे खरंच नाडीत कळतं? आणि मी मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली एसिटालोप्रॅम (नैराश्य-चिंतेवरची गोळी) घेते. सिन्सेंच्या पावडरीने बरं वाटलं तर गोळी बंद केली तर चालेल का?

अश्विनी_शांघाय
गौरी, आधी गोळीचं. स्वतःहून बंद करू नकोस. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं होऊ शकतं. बंद करायची की नाही, केली तर कशी, हे तुझे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील.

आता नाडी. मी हे इथे शिकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अंगठ्याच्या बाजूला मनगटाचं हाड वर येतं ना, तिथे मधलं बोट. ती जागा क्वान. तर्जनीखाली त्सुन, अनामिकेखाली छर. डाव्या क्वानवर यकृत पाहतात, आणि चिनी वैद्यकात राग यकृताचा, शोक फुप्फुसाचा, भीती मूत्रपिंडाची, सततचा विचार प्लीहेचा. हे अवयव शरीरशास्त्रातले नव्हेत, कामांचे गट समज. तुझ्या बाईंना बहुधा श्येन नाडी लागली असणार: ताणलेल्या तारेसारखी, बोट दाबलं तरी न दबणारी. ली शिझेन या चिनी वैद्यांनी १५६४ साली २७ प्रकारच्या नाड्या लिहिल्या, त्यातली ही एक.

पण हीच नाडी दुखण्यात लागते, वाढलेल्या बीपीत लागते, म्हाताऱ्या माणसांतही लागते. शिवाय एकाच हातावर दोन जाणत्यांचं एकमत होतंच असंही नाही. त्यामुळे नुसत्या बोटांनी तुझ्या घरातली गोष्ट कळली, असं मी म्हणणार नाही. तू घशाची तक्रार सांगितली होतीस ना? तिथेच निम्मं काम झालं. 'घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं' वाटणाऱ्या बाईचं वर्णन जांग जोंगजिंग या चिनी वैद्यांनी १८०० वर्षांपूर्वी केलंय, सोबत काढाही दिलाय. पुढच्या वैद्यांनी त्याचा संबंध कोंडलेल्या भावनांशी लावला. त्यामुळे असा घसा घेऊन कोणी आलं की घरचं विचारायचं, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवतात.

मला या पद्धतीतलं हेच मोलाचं वाटतं. १९८० मध्ये आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी हूनान प्रांतात 'मज्जातंतूंचा अशक्तपणा' असं निदान झालेले १०० रुग्ण तपासले. अमेरिकन निकषांप्रमाणे त्यातल्या ८७ जणांना तीव्र नैराश्य होतं. ते आले होते मात्र डोकेदुखी, थकवा, झोप नाही असं सांगत. आपल्याकडच्या बायका तरी वेगळं काय सांगतात? 'अंग मोडून येतं' म्हणतात. मनगट हातात घेऊन कोणी शांतपणे दोन प्रश्न विचारले की मग खरं बाहेर पडतं.

वैद्य_नाशिककर
आयुर्वेदातल्या शार्ङ्गधरसंहितेतही काम-क्रोधाने नाडी वेगाने चालते आणि चिंता-भयाने क्षीण होते, असं आहे. तेव्हा भावनांचा नाडीवर परिणाम होतो, यात वाद नाही. पण वेगवान नाडी सासूमुळे की तापामुळे, ते रोग्याला विचारूनच ठरवावं लागतं. पावडरीत काय आहे? ज्येष्ठमध असेल आणि बीपी असेल तर जपून.

गौरी_पुंगोल
पुडीवर 'श्याओयाओ सान' लिहिलंय. बीपी नाही. सासूबाई नाहीत हो, माझा सख्खा भाऊ आहे. बाबांच्या घराच्या वाटणीवरून.

अश्विनी_शांघाय
त्यात ज्येष्ठमध असतंच, शिवाय दांगग्वेइ ही चिनी मुळी असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती चालत नाही, आणि एसिटालोप्रॅमनेही रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. पुडीचा फोटो काढून मानसोपचारतज्ज्ञांना दाखव, सिन्सेंना गोळीचं नाव सांग. तोपर्यंत पुडी बाजूला ठेव. सिंगापुरात टीसीएम डॉक्टरांची सरकारी नोंदणी असते, बाईंचं नाव त्यात आहे का तेही बघ. आणि भावाचं जे सिन्सेंपुढे बाहेर आलं, ते मानसोपचारतज्ज्ञांनाही सांग. त्यांना अजून माहीत नाही ना?