घटस्फोट झाला तर नवऱ्याच्या पेन्शनमध्ये बायकोला वाटा मिळतो का?

जुळे सोलापूरवाली
थोरल्या बहिणीसाठी विचारतेय. दाजी झेडपी शाळेवर मास्तर, येत्या मे मध्ये 58 पूर्ण होऊन रिटायर, जुनी पेन्शन आहे. लग्नाला 29 वर्षं झाली पण सहा वर्षं ताई माहेरीच आहे, आईसोबत मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. आता अचानक दाजी म्हणायलेत 4 लाख घे आणि म्युच्युअलवर (दोघांच्या संमतीच्या घटस्फोटावर) सही कर, पेन्शनला कायद्याने हात लावता येत नाही. खरंय का हे?

कोर्टातला कारकून
अर्धंच खरंय. आपल्याकडे पेन्शनचे वाटे पडत नाहीत, पोटगी ठरते. पण पोटगी ठरवताना पेन्शन उत्पन्नातच धरतात. 1871 चा पेन्शन कायदा दाखवून लोक घाबरवतात, तो सावकार-देणेकऱ्यांसाठी आहे हो, बायकोच्या पोटगीसाठी पेन्शन जप्त करता येते असं 2019 ला नागपूर खंडपीठानेच सांगितलंय. आणि पोटगी मागायला घटस्फोट लागत नाही, पूर्वीचं CrPC (फौजदारी प्रक्रिया संहिता) चं 125 कलम, आता नव्या BNSS (नागरिक सुरक्षा संहिता) चं 144.

रिटायर बाबू
घाई दाजींना का झालीय ते बघा की. सध्या ताई कायदेशीर बायको, त्यांच्या माघारी फॅमिली पेन्शन तिलाच. घटस्फोटाची डिक्री (कोर्टाचा हुकूम) झाली की तो हक्क गेला, उद्या दुसरं लग्न केलं तर ती दुसरी घेणार. मी आयुष्यभर हेच फॉर्म तपासले. शिवाय रिटायर होताना ग्रॅच्युइटी मिळते, शिवाय पेन्शनचा काही भाग सरकारला विकून (40% पर्यंत विकता येतो, त्याबदली एकरकमी पैसे) एकदम मोठी रक्कम हातात पडते, ती मुलाच्या नाहीतर भावाच्या नावावर गेली की शोधत बसा.

जुळे सोलापूरवाली
बापरे. ताई तर म्हणत होती मिळतील ते घेऊ, कोर्टाच्या चकरा कोण मारणार.

होटगी रोड
मीपण असंच म्हटलं होतं. एकरकमी घेतले, कागदावर "यापुढे कसलाही हक्क सांगणार नाही" ही ओळ होती, वकिलानं भराभर वाचली आणि मी सही केली. पैसे घराच्या स्लॅबला आणि पोरीच्या फीला गेले. महिना 10 हजार धरले तर 4 लाख 40 महिन्यांत संपतात बघा. मे च्या आधी पोटगीचा अर्ज टाका, दोघांनाही कमाई-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, त्यात सगळं बाहेर येतं.

जुळे सोलापूरवाली
सोमवारी ताईला घेऊन वकिलाकडे जाते. दाजींचा परत फोन आलाय, 5 लाख म्हणायलेत.