संशोधनासाठी टिपणे कशी घ्यावीत, हे वर्गात गुण देऊन शिकवावे का?

टिपणवही :
पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी संशोधनपद्धती हा विषय आता सक्तीचा आहे. गृहीतक, नमुनानिवड, संदर्भसूची हे सारे त्यात येते. पण समोर पुस्तक उघडे असताना कागदावर नेमके काय उतरवायचे, हे मात्र कोणीच शिकवत नाही. मी इतिहास शिकवतो. मध्यंतरी एका विद्यार्थिनीच्या लघुप्रबंधातला एक परिच्छेद बाकीच्या मजकुरापेक्षा निराळ्याच घाटाचा वाटला. तिला विचारले, तर तिलाही काही सांगता येईना. शेवटी तिची वही काढली. अक्षर तिचेच होते, मजकूरही मराठीत होता. परंतु पुस्तक इंग्रजी होते आणि वाचता वाचता तिने वाक्ये भाषांतर करून उतरवली होती. अवतरणचिन्हे नव्हती, पृष्ठक्रमांक नव्हता, त्यामुळे काही महिन्यांनी ती वाक्ये तिला स्वतःचीच वाटू लागली. मराठीतून लिहिणाऱ्या आणि इंग्रजीतून वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे वारंवार घडते, आणि त्याला मी चोरी म्हणणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून सगळे लक्ष टक्केवारी खाली आणण्याकडे लागते. भाषांतरित वाक्य तर साम्याच्या तपासणीत सहसा सापडतही नाही.

माझा प्रस्ताव असा आहे : पहिल्या सत्रात प्रत्येकाने ५० कार्डे लिहावीत. एका कार्डावर एकच मुद्दा असावा, माथ्यावर ग्रंथ आणि पृष्ठ, त्याखाली मूळ वाक्य मूळ भाषेतच अवतरणात, आणि सर्वांत खाली आपले म्हणणे वेगळ्या शाईने. या कार्डांना गुण द्यावेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून सुमारे १५०० ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी संदर्भचिठ्ठ्या तयार झाल्या. ही परंपरा आपल्या दारातली आहे.

रुमाल :
सर, रोगाचे निदान मान्य आहे; औषध मान्य नाही. त्याच कोशाच्या पहिल्या खंडाचा पहिला भाग १९७६ मध्ये, म्हणजे काम सुरू झाल्यावर २८ वर्षांनी प्रसिद्ध झाला. कोशाला प्रत्येक शब्दाची चिठ्ठी लागते, कारण कोणता शब्द केव्हा उपयोगी पडेल हे आधी ठरवता येत नाही. लघुप्रबंध लिहिणाऱ्या मुलाच्या हाती एखादे सत्र असते. त्याच्यापाशी प्रश्नच नसेल, तर ५० कार्डे म्हणजे ५० ठिकाणची उतरवणूक.

शिवाय गुण ठेवले की काय होते, हे विज्ञानशाखेच्या जर्नलांनी कधीच दाखवून दिले आहे. आदल्या रात्री मैत्रिणीचे जर्नल समोर ठेवून निरीक्षणे ‘पूर्ण’ होतात. कार्डांचेही तेच होईल, आणि वेगळ्या शाईतले ‘आपले म्हणणे’ साऱ्या वर्गाचे एकच निघेल.

पेन्सिल :
कार्डे असोत वा वही, ती हातानेच लिहायला लावावीत. लॅपटॉपवर लिहिणारे शब्दशः उतरवतात आणि हाताने लिहिणाऱ्यांना आशय अधिक समजतो, असे २०१४ च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसले होते.

रुमाल :
तोच प्रयोग २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा केला, तेव्हा तितका स्पष्ट फरक आढळला नाही. शिवाय तो प्रयोग व्याख्यान ऐकताना घेतलेल्या टिपणांचा होता. ग्रंथ किंवा कागदपत्रे थांबून, मागे वळून वाचता येतात; तिथे हे निष्कर्ष लावणे ओढूनताणून होते.

टिपणवही :
जर्नलांचा दाखला मला लागला, हे कबूल करतो. पण आपण स्वतः मोडी कागदांत काम करता, म्हणून विचारतो : हल्ली मुले दफ्तरखान्यातून मोबाइलवर शेकडो छायाचित्रे घेऊन येतात आणि यालाच टिपण समजतात. पत्रावर ‘छ १२ सफर’ एवढाच काळ, म्हणजे हिजरी महिना आणि त्याची तारीख असते, वर्ष नसते. ते वर्ष पुष्कळदा त्याच रुमालातल्या, म्हणजे कापडात बांधलेल्या त्याच गठ्ठ्यातल्या, आजूबाजूच्या कागदांवरून ठरवावे लागते. छायाचित्रात तो शेजार राहत नाही, आणि कोणते पत्र कोणत्या रुमालातले, हे घरी आल्यावर कोणालाच सांगता येत नाही.

रुमाल :
खरे आहे. छायाचित्र ही नक्कल आहे, टिपण नव्हे. तरीही उलट बाजू सांगतो. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. सुरुवातीच्या वर्षी मी केवळ हाताने टिपणे घेतली; एका ठिकाणी शब्द चुकीच्या जागी तोडला आणि त्यातून एक गाव निर्माण झाले, जे कुठेही नव्हते! टिपणात माझेच वाचन होते, त्यामुळे चूक शोधायला मूळ कागदाकडे पुन्हा जावे लागले. आता मी दोन्ही करतो : आधी रुमालाच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचे छायाचित्र, मग कागदांची, आणि त्याच दिवशी संध्याकाळी प्रत्येक कागदाविषयी दोन ओळी, हा कागद मी का घेतला याच्या. ते ‘का’ लिहिता आले नाही, तर छायाचित्र पुसून टाकतो.

टिपणवही :
हे ‘का’ माझ्या कार्डात नव्हते, ते घालतो. गुण कार्डांच्या संख्येला न देता असे करता येईल : तोंडी परीक्षेत गठ्ठ्यातून कोणतीही तीन कार्डे काढावीत आणि विद्यार्थ्याने ग्रंथालयात जाऊन ती ती पाने उघडून दाखवावीत. उसनी कार्डे तिथे उघडी पडतील.

रुमाल :
कल्पना उत्तम आहे, पण वर्गात ६० मुले असतील तर १८० पाने शोधत कोण बसणार? एवढे मनुष्यबळ कोणत्या विभागात आहे?

टिपणवही :
आमच्या विभागात तरी नाही. म्हणून ५० चा आग्रह सोडतो. येत्या सत्रात प्रत्येकी दहाच कार्डे घेईन, तीही लघुप्रबंधाचा प्रश्न लिहून दिल्यानंतर, आणि एकमेकांची पाने मुलेच तपासतील.